दाराच्या आतून

नाबुल, २० मार्च

रौदा,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझी आई अजून आहे आणि तिची जीभही शाबूत आहे.

तुझ्या बाबांना पुरलं त्या दिवशी कब्रस्तानाच्या फाटकाशी उभी राहून मी सगळ्या गल्लीदेखत शपथ घेतली होती, की या मुलीचा आवाज पुन्हा कानावर पडू देणार नाही. ती मी पाळली आहे. तुझे फोन वाजून वाजून थकले. पण शपथ आवाजाची होती, अक्षरांची नव्हती, हे मला आत्ता दीड वर्षाने सुचलं. आणि तुला चार शब्द सुनावल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून कागद घेऊन बसले.

मला करोना झालाय.

हो, मलाच. तीन-तीन डोस घेतलेल्या शाद्लियाला. फार्मसीतल्या मुलीने नाकात काडी खुपसली, मला बाहेर उन्हात उभं केलं, आणि मग दोन पावलं मागे सरकून म्हणाली, "खाला, आहे." मी म्हटलं, "अगं, माझ्या तीन लसी झाल्यात. पुन्हा बघ." तर म्हणते, "काडीला ते कळत नाही, खाला." उद्धट कार्टी. हिच्या आईच्या लग्नात मी गायले होते.

आता सांग, मला लस घ्यायला लावली कुणी? मी फोन घेत नव्हते तर तू दूजाकरवी निरोप धाडलास. समोरच्या दारातली दूजा, ऐंशी वर्षांची, छाती लोहाराच्या भात्यासारखी वाजते, जिने तुला न्हाऊमाखू घातलं, तिला तू मध्ये घातलंस! ती धापा टाकत आली. "शाद्लिया, पोरगी रडत होती गं फोनवर. चल, दोघी जाऊ." गेलो. दोनदा दोघी गेलो. तिसऱ्या वेळी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, म्हणून मी एकटीच गेले. दंड टरारून सुजला. आणि हाती काय आलं? नाकातली काडी.

कसा झाला तेही सांगते, नाहीतर म्हणशील, उम्मी कुठे उंडारायला गेली होती. दोन वर्षं आम्ही नारिंगाच्या फुलांचा अर्क आपापल्या घरी, चोरून काढावा तसा काढत होतो. यंदा सगळ्यांच्या लसी झालेल्या, मग भीती कसली? पहिली फुलं आली तशा सगळ्याजणी पूर्वीसारख्या माझ्या स्वयंपाकघरात जमलो. तांब्याचं भांडं चढवलं, सांधे कणकेने लिंपले, खिडक्या लावून घेतल्या. गल्लीची रीत तुला माहीत आहे, पहिलं पाणी उतरेपर्यंत खिडकी उघडायची नाही, वास पळतो. पहिली बाटली भरली, मी नाक लावलं, तळहातावर थेंब घेऊन चाखला, आणि मग बाटली हातोहात फिरली. प्रत्येकीने नाक लावलं. दूजाने दोनदा लावलं, तिचा माझ्यावर विश्वास नाही. गाणी झाली, उखाळ्यापाखाळ्या झाल्या, हसून हसून पोटं दुखली. माझा घसा तेव्हा जरासा खवखवत होता. मार्चात खवखवतोच.

तर बाई, तुमच्या लसीचं हे असं आहे. आज दूजा समोरच्या खिडकीतून विचारत होती, पुढच्या आठवड्यात तिच्या तिसऱ्या डोसची तारीख आहे, जाऊ का? मी सांगून टाकलं, "अजिबात जाऊ नकोस. नुसतं पाणी टोचतात." माझा शब्द गल्लीत चालतो, हे तुला माहीत आहे. अर्क कुणाचा चांगला, सून कुणाची वाईट, सगळं मला विचारून ठरतं.

रिदाची भाड्याची गाडी रोज तुझ्या स्फाक्सला जाते, त्याच्या हातून हे पाठवतेय. सोबत पहिल्या पाण्याची बाटली आहे. तुला राग येऊ नये म्हणून नव्हे. पहिली बाटली थोरल्या मुलीला जाते, म्हणून.

शाद्लिया,
जिला तू उम्मी म्हणायचीस


नाबुल, २४ मार्च

रौदा,

तुझं उत्तर मिळालं. पाच पानं! दीड वर्षाचं साचलेलं दिसतंय. रिदा म्हणाला, "खाला, ताईने पाकीट देताना दोनदा विचारलं, तुम्ही चालताय का, बोलताय का, बोलताना दम लागतो का." त्याला सांग, गाडी चालव, डॉक्टरकी करू नकोस.

दम लागत नाही. जिन्यावर मध्येच बसते ती पाय दुखतात म्हणून.

तुझी पानं मी चष्मा लावून वाचली. तू लिहितेस की लस म्हणजे भिंत नव्हे, लस शरीराला शिकवते, की असा असा चोर आला तर त्याला कसं धरायचं. आणि म्हाताऱ्या शरीराला ते हळू शिकता येतं आणि लवकर विसरायला होतं, म्हणून पुन्हा पुन्हा डोस. शिवाय चोर दर थोड्या महिन्यांनी कपडे बदलून येतो. वा! म्हणजे मी पंचाहत्तराव्या वर्षी पुन्हा शाळेत जायचं, आणि मास्तरही चुकीच्या चोराचं चित्र दाखवणार. हे आधी का नाही सांगितलंस? "लस घेतली की सुटलो" असं सगळे म्हणत होते. तू म्हणतेस, तू असं कधीच म्हणाली नव्हतीस. खरं असेल. मी तुझं ऐकत कुठे होते?

एक गोष्ट मात्र तू सरळ लिहिलीस, त्याबद्दल बरं वाटलं. तुझ्या वॉर्डात लस घेतलेली म्हातारी माणसंही येतात, आणि त्यातली काही घरी परत जात नाहीत. हे लिहायला तुझा हात जड झाला असेल. पण बहुतेक जण परत जातात, आणि पूर्वी जात नव्हते, हेही तू खाली लिहिलंयस, दोन रेघा मारून. रेघा कशाला? मला वाचता येतं.

आता बाटलीचं. तू लिहितेस, "उम्मी, तू पाठवलेली बाटली पहिल्या पाण्याची नाही, मागच्या पाण्याची आहे. तुला वास येतोय ना?"

मागचं, फिकं पाणी? माझ्या घरचं? पोरी, तुझंच नाक त्या इस्पितळातल्या फिनेलने बधिर झालंय. माझ्या आजेसासूच्या वेळेपासून या घरात बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत नाहीत. माझं नाक असताना चिठ्ठ्या कशाला? फळीवर ओळीने ठेवते, उघडते, हुंगते, कुठली कुणाला द्यायची ते ठरवते. आजवर चूक झालेली नाही. तेव्हा ते सोड.

दूजा रुसून बसलीय. सोमवारपासून खिडकीत येत नाही. का ते तिचं तिलाच माहीत. तिची तारीख तिने रद्द केली, हे मला तिच्या सुनेकडून कळलं. माझ्या सांगण्यावरून केली असेल तर शहाणपणाचंच आहे.

हरिसाच्या चटणीचा नवा डबा उघडला. तिखट आहे. इतकंच.

तुझ्या बाबांची बायको


नाबुल, २६ मार्च

रौदा,

मला वास येत नाही.

आज फुलांची पोती आली. गल्लीच्या तोंडाशी बैलाएवढा ढीग, आणि मी सगळ्यांपासून लांब, माझ्या ओट्यावर बसून पाकळ्या निवडतेय आणि काही म्हणजे काही नाही. ओंजळ भरून तोंडावर दाबली. पांढरं, थंड, ओलं. कागद असावा तसं. तिकडे सगळे फुलं नाकाशी धरून डोळे मिटत होते, मीही मिटले.

हे आज नाही, विसाव्या तारखेपासून आहे. तुला बाटली काढून दिली तेव्हाच होतं. उघडली, हुंगली, नाही कळलं, दुसरी उघडली, तीही नाही कळली. मग म्हटलं सर्दी आहे, आणि अंदाजाने एक उचलली. तू अचूक ओळखलंस. तुझं नाक फिनेलने गेलेलं नाही, ते माझ्याकडून आलंय तसंच आहे.

कुणाला सांगू नकोस. कळलं तर उद्या त्या कोपऱ्यावरच्या सालूहाचा अर्क गल्लीत पहिला ठरेल. तिचा अर्क! तिच्या अर्काने कपडे धुवावेत.

येईल का परत? खरं लिही. गोड लिहू नकोस.


नाबुल, २९ मार्च

रौदा,

"बहुतेकांना परत येतो, कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, काहींना अर्धाच येतो." बरं. म्हातारीला अर्धं काही मिळालं तरी पुष्कळ. रोज सकाळी कॉफी, लवंग आणि दालचिनी हुंगायला सांगितलंस, हुंगते. दालचिनी कशी होती ते आठवत बसते.

आज तुला जे सांगायचंय ते पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. पण पहिल्या पत्रात मी तुला हरवायला बसले होते.

दूजा का रुसलीय, ते मला माहीत आहे. चाचणी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, ती फरीकच्या, म्हणजे हिरव्या भाजक्या गव्हाच्या, सुपाचं पातेलं घेऊन आली. दिवसा आमच्या दारांना कडी नसते. दूजाने माझं दार आयुष्यात कधी वाजवलेलं नाही, ती ढकलते आणि आत येते. त्या दिवशी मी कडी घातली होती.

तिने ढकललं. पुन्हा ढकललं. "अगं, दार फुगलंय का? शाद्लिया?"

"परत जा, दूजा."

"सूप आणलंय."

"उंबऱ्यावर ठेव आणि जा."

"उंबऱ्यावर? मी काय मांजराला घालतेय? उघड की! वाफ आहे तोवर खा."

"मला करोना आहे."

"मग? दोन सुया मलाही टोचल्यात. आणि तूच ना काल म्हणालीस, त्यात नुसतं पाणी असतं? पाण्याने तुला काही झालं नाही, मला काय व्हायचंय?"

बघ, कशी कात्रीत धरली मला. खिडकीतून सांगताना मी मोठी शहाणी होते. पण तिचा तो श्वास दाराच्या फटीतून ऐकू येत होता. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून आली तरी शिट्टी वाजते तिच्या छातीत. ती त्या बाजूने दार ढकलत होती आणि मी या बाजूने खांदा लावून उभी होते. ऐंशी वर्षांची बाई, पण जोर आहे हो हातात. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "दूजा, आत यायचं नाही. दारापासून मागे हो."

रौदा, हे शब्द माझे नव्हते.

हे शब्द तू बोलली होतीस. तुझ्या इस्पितळाच्या त्या लांब पडवीत, पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, नुसते डोळे दिसत होते. तुझे बाबा आत, मी बाहेर, मध्ये तू. मी नाबुलहून त्यांच्यासाठी धुतलेला जिब्बा आणि थर्मासात कॉफी घेऊन आले होते, त्यात फुलांचं पाणी घातलेलं, त्यांना लागायचं तसं. तू म्हणालीस, "उम्मी, आत यायचं नाही. दारापासून मागे हो." एवढंच. सुईच्या टोकासारखा आवाज. आणि मग ते गेले, आणि बंद पेटीत आले, आणि मला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. आंघोळ नाही, पाहुणे नाहीत, मयताच्या जेवणाचा कुसकुस नाही. चाळीस वर्षं ज्यांना रांधून घातलं त्यांच्या नावाने एक घास कुणाला वाढता आला नाही. मी मनात धरलं, की या मुलीच्या आवाजात दगड आहे. म्हणून आवाज नको म्हटलं.

परवापरवापर्यंत मला वाटत होतं, तुला सोपं गेलं असेल. तुझं कामच ते.

दूजाने दार ढकलणं थांबवलं. मग म्हणाली, "माझ्याशी असं कधी बोलली नव्हतीस तू." पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि तिच्या चपला लांब गेल्या. मी दाराच्या आत बसकण मारली. पदर तोंडात कोंबला, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. तिला वाटलं असेल, शाद्लियाच्या आवाजात दगड आहे.

आणखी एक. हे लिहिताना मी खोकले, पाणी प्याले, पुन्हा लिहायला बसले. किती पानं झाली बघ. तुझे बाबा शेवटी फोनवर बोलत होते तेव्हा एक वाक्य पुरं करता येत नव्हतं त्यांना. "शाद्लिया, ते झाड..." म्हणाले आणि थांबले. झाडाचं काय ते मला अजून कळलेलं नाही. पाणी घाल म्हणायचं असेल. आजार तोच, रौदा. माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? मी काही त्यांच्याहून दणकट नव्हे. त्यांच्या वेळी लस निघालीच नव्हती. माझ्या दंडात तीन होत्या. नाक गेलं, आठवडाभर हाडं मोडल्यासारखी झाली, आणि आज मी उठून डाळ शिजवली. मी या लसीला पाणी म्हटलं. तीच त्यांना मिळाली असती तर ते वाक्य तरी पुरं झालं असतं.

आता मला दूजाची भीती वाटते. ती बाटलीला दोनदा नाक लावून गेली होती, अल्लाच्या कृपेने तिला काही झालं नाही. पण दर वेळी सुटेल का? कोपऱ्यापलीकडे दोघी खोकतायत. तिने तारीख रद्द केली ती माझ्यामुळे, आणि माझ्याशी ती बोलत नाही. फार्मसीतल्या मुलीने काल पुन्हा काडी घातली, म्हणाली आता नाही. उद्या जाते तिच्या दारी. तिने कडी घातली असेल तर बाहेर उभी राहीन.

शाद्लिया


नाबुल, १ एप्रिल, शुक्रवार

रौदा,

कडी घातलेलीच होती.

मी म्हटलं, "दूजा, उघड. मला आता नाही, मुलीने तपासलं."

आतून आवाज आला, "कोण? मला ऐकू येत नाही. दारापासून मागे हो."

झाले मागे. भर गल्लीत, भाजीच्या गाडीपाशी उभी राहिले. तिने वरची खिडकी उघडली आणि हात कमरेवर ठेवून उभी राहिली, राणीसारखी. मी म्हटलं, तिसरा डोस घे. ती म्हणाली, "वा! दहा दिवसांत दोन हुकूम. त्या रविवारी घेऊ नको, आज घे. तूच घेऊन आडवी झालीस ना?"

"आडवी झाले, पण उठले. हम्मादी उठले नाहीत."

तुझ्या बाबांचं नाव काढल्यावर तिने कमरेवरचे हात खाली घेतले. मग मी तिला आमच्या अंगणातलं नारिंगाचं झाड दाखवलं, तिच्या खिडकीतून दिसतं ते. म्हटलं, "हे तरणं होतं तेव्हा एका टोपलीत बाटली भरायची. आता दोन टोपल्या लागतात, तेव्हा तेवढंच पाणी उतरतं. आणि एकदा काढलेला अर्क वर्षभराने फिका पडतो, म्हणून दर वसंतात पुन्हा भांडं चढवतो. म्हणून कुणी अर्क सोडतं का? लसीचं आपल्या अंगात तसंच आहे. थोडी कमी लागू पडते, लवकर विरते. आजार आत येतो. पण गळा धरायला त्याला जोर राहत नाही."

"म्हणजे मी म्हातारं झाड?"

"तू तर वठलेलं."

"आणि हे तुला कुणी शिकवलं?"

"रौदाने पाच पानांत लिहिलं. झाड माझं."

ती हसली, मग खोकली, नेहमीचाच खोकला तो. "घेते," म्हणाली, "पण तू सोबत येणार असशील तर. आणि आधी सगळ्यांसमोर सांग की तू चुकीचं बोललीस."

भाजीवाला होता, सालूहा होती, आणखी चारजणी होत्या. मी सांगितलं. नाकाचंही सांगून टाकलं, लपवून काय करायचंय. सालूहाचा चेहरा ईद आल्यासारखा उजळला. उजळू दे. दूजाला आम्ही रिदाच्याच गाडीतून घेऊन गेलो, सगळे मास्क लावून, काचा उघड्या. दंड सुजलाय तिचा. रात्रंदिवस कण्हतेय आणि मला बोल लावतेय. फार बरं वाटतं ऐकायला. तू लिहिलंयस तसं तिलाही बजावलंय, की टोचल्याबरोबर लागू पडत नाही, दोन आठवडे तरी लोकांत शिरायचं नाही, आणि त्यानंतरही बंद खोलीत एका बाटलीला सगळ्यांनी नाक लावायचं नाही. यंदा रमजानचा अर्क आम्ही अंगणात काढणार. वास पळाला तर पळाला. मला तसाही येत नाही.

आता एक शेवटचं. मी मशिदीतल्या शेखना विचारलं, की शपथ घेतलेली मोडायची असेल तर काय करावं लागतं. ते म्हणाले, दहा गरिबांना पोटभर जेवू घालायचं. मी आज मोठं पातेलं काढलं, तेच, जे तुझ्या बाबांच्या वेळी फळीवरून उतरलं नाही. मटण, चणे, भोपळा घालून कुसकुस केला. चव दूजाने बघितली, म्हणाली मीठ बरोबर आहे. बाजारातले हमाल होते, एक आंधळे आजोबा होते, दोघी बायका मुलं घेऊन आल्या. दहापेक्षा जास्तच झाले. जेवून उठताना आजोबांनी विचारलं, "खाला, हे कुणाच्या नावाने?" मी म्हणाले, "हम्मादींच्या." ते खरं होतं. पण दुसरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. ते तुला सांगतेय.

अंगणातल्या झाडाची शेवटची फुलं पुढच्या आठवड्यात उतरतील. बाटल्या ओळीने ठेवल्यात, कुठली पहिली आणि कुठली मागची, मला सांगता येत नाही. या घरात चिठ्ठ्या लावत नाहीत, तेव्हा तुलाच यावं लागेल.

आणि रौदा, एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी पडवीत, मी मागे फिरले तेव्हा, दाराच्या आत तू रडलीस का?

उत्तर लिहून पाठवू नकोस. फोन कर.

उम्मी